नुसता 'राग आला' म्हणू नका

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या मशीनशॉपमध्ये शिफ्ट बदलायची वेळ फार नाजूक. जाणाऱ्याला घर गाठायचं असतं, येणाऱ्याच्या पुढ्यात मागच्या शिफ्टचं रिजेक्शन, म्हणजे बिघडलेला माल, पडलेलं असतं. बोअर, म्हणजे आतलं भोक, 40 मायक्रॉननं मोठा गेलाय, ट्रेमध्ये तसेच सहा जॉब (मशीनवर घडवलेले भाग). सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडतो, "तुला कळतंय का काय?" पोरगा मान खाली घालतो. पुढच्या वेळी बिघडलेला जॉब तो चांगल्या जॉबांत मिसळून टाकतो आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या तपासणीत सापडतो.

यावर सुपरवायझरला दिला जाणारा 'राग गिळा' हा सल्ला मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1990च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्यांची नकोशी भावना कमी झाली नाही. शरीरावरचा ताण मात्र वाढला.

त्यापेक्षा नेमका शब्द शोधा. वैताग, धास्ती, अपमान, खंत, हेवा; मराठीत हे सगळं वेगवेगळं आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. डिस्पॅच चुकेल ही धास्ती असेल, तर आधी वरच्यांना फोन करून खरी तारीख विचारा. अपमान वाटला असेल, तर ज्याच्यामुळे वाटला त्याच्याशीच, एकट्यात बोला. वैताग असेल, तर बऱ्याचदा जेवण राहिलेलं असतं.

दोन आठवडे शिफ्ट संपताना वहीत तीन ओळी लिहा: काय घडलं, अंगात कुठे जाणवलं (जबडा, छाती, पोट), नेमका शब्द कोणता. बहुतेकांची गाडी तिसऱ्या ओळीवर अडते. 'त्याला अक्कल नाही' असं लिहिलं जातं. तो समोरच्यावरचा शेरा झाला; स्वतःला काय वाटलं ते राहूनच गेलं. खोडा, पुन्हा लिहा. पहिले चार-पाच दिवस असंच होतं.

मग त्या पोराला बाजूला घ्या. आवाज खाली, प्रश्न जॉबबद्दल: "इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट किती दिलास? पहिला जॉब मोजला होतास का?" (इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं, ऑफसेट म्हणजे त्यासाठी मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती.) विचारून गप्प राहा. ती शांतता अंगावर येते, सुपरवायझर घाईनं स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो आणि खरं कारण आतच राहतं. दहा सेकंद थांबा. "सर, बोअर गेज झिरो करायचा राहिला होता," म्हणजे भोक मोजायचं साधनच शून्यावर लावलं नव्हतं, हे तेवढ्यातच बाहेर येतं.