तुम्ही विचारलंत म्हणून : तिसरा गळा

"घरात तुकोबा असताना सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज पाद्र्यांची फाटकी पानं कसली गातेस?" लग्नात, बारशात, फोनवर, सगळ्यांचं विचारून झालंय. "आवडतं" म्हटलं की समाधान होत नाही. तर घ्या. आणि हो, तुकोबा सोडलेला नाही. हे दरवेळी सांगावं लागतं, त्याचाच राग येतो.

तेराव्या शतकातल्या एका निनावी ग्रंथकाराने लिहून ठेवलंय की इंग्लंडच्या पश्चिम भागात सा आणि ग एकाच वेळी गायल्यावर होणारा मेळ सर्वांत गोड मानतात. त्याच भागातल्या वूस्टरच्या मठातली पानं पाहिली आणि अडकले. पुस्तक म्हणून ते गायन उरलेलंच नाही. पानं दुसऱ्या ग्रंथांच्या बांधणीत गेली. आज काही वूस्टरला, काही ऑक्सफर्डला, काही लंडनला. 1550 च्या कायद्याने जुनी लॅटिन प्रार्थनापुस्तकं नष्ट करवली हे खरं, पण चाल जुनी झाली की चर्मपत्र बांधणीला लावायचं, हा त्याआधीचाही रिवाज. या गाण्यात अनेक गळे एकाच वेळी आपापली वेगळी ओळ गातात, आणि प्रत्येक आवाज वेगळ्या जागी लिहिलेला, बरेचदा समोरासमोरच्या पानांवर. एक पान गेलं की एखादा गळाच गेला.

विद्यार्थी असताना अशाच एका तुकड्याचा हरवलेला तिसरा आवाज मी लिहिला. काही रचनांत तिन्ही गळे तेच तुकडे आळीपाळीने घेतात. तिथे हरवलेलं जवळपास हिशेबाने काढता येतं. हा तुकडा तसा नव्हता. दोन रात्री पेटी घेऊन बसले. एका जागी खालचा आवाज षड्जावर थांबतो, मधला गंधाराशी रेंगाळतो. तिथे मी पंचमावरून हळूच उतरणारी ओळ घातली. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत आले. "ती वरून उतरणारी ओळ! काय श्रद्धा असेल त्या माणसांची!"

मी "थँक यू" म्हटलं. एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत 'पुनर्रचना' असं छापलं होतं की, बारीक टायपात! त्या टायपाच्या आडून किती वर्षं स्वतःला सोडवून घेतलंय. तेव्हाची मी म्हणायची, गाणं कानावर पडलं ना, मग झालं. आता तिला म्हणते, गप्प बसायचं होतंस. तर ती विचारते, दोनच आवाज गायले असते तर ते खरं झालं असतं? तसं तरी ते कुणी कधी गायलं होतं?

गेल्या वर्षी तेच पुन्हा बसवलं. ती ओळ खोडायला घेतली आणि पेन्सिलीने नुसता कंस टाकला. गाणाऱ्या मुलीला कंस गाता येत नाही, हा भाग वेगळा.