आज आईने अर्थापत्ती सोडवली

सेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा. तिचा पेपर एक. ५० प्रश्न, १०० गुण, विषय कोणताही असो, सगळ्यांना सारखाच. मराठीत एमए केल्यावर कोष्टकं, टक्केवारी वाचायची सवय सुटलेली असते, म्हणून महिनाभर सकाळी तेच करतेय. निगेटिव्ह मार्किंग नाही, हा मोठा आधार.

पण आज दिवसभर याच पेपरातल्या भारतीय तर्कशास्त्रात रमले. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, चार प्रमाणं (खरं ज्ञान मिळवण्याची साधनं) मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं). भाट्ट मीमांसक आणि अद्वैती या दुसऱ्या दोन परंपरा त्यात अर्थापत्ती आणि अनुपलब्धी (वस्तू दिसत नाही यावरून ती नाही हे कळणं) ही दोन जोडतात. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमान लगेच कळतं. अर्थापत्ती मात्र डोक्यात बसेना.

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. तिला म्हटलं, "देवदत्त दिवसा काही खात नाही, तरी लठ्ठ आहे. कसं काय?"

"मग रात्री जेवत असेल की," ती मान वर न करता म्हणाली.

हीच अर्थापत्ती! दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, तेव्हा तो बसवणारी तिसरी गोष्ट मानावीच लागते. सातवी शिकलेल्या माझ्या आईने ते एका वाक्यात सांगितलं. मला इतका आनंद झाला की तिच्याशेजारी बसून उरलेली जुडी मीच निवडली.

तासिका तत्त्वावर शिकवताना वर्गात असं किती वेळा विचारते मी? बहुतेकदा आधी व्याख्याच सांगून टाकते. सोमवारी अलंकार शिकवायचे आहेत. आधी उदाहरण देणार, आणि मग थांबणार.

आता हेत्वाभास, म्हणजे अनुमानात दिलेलं चुकीचं कारण. पाच प्रकार आहेत, आणि आई अजून जागी आहे.