सांस्कृतिक संकुल कागदावर असताना

आमच्या महापालिकेने आरक्षित भूखंडावर सांस्कृतिक संकुल बांधायचं ठरवलं आणि सल्लागार समितीत रंगकर्मींच्या वतीने माझं नाव गेलं. मी प्रकाशयोजना करते. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धा, अधूनमधून दौऱ्यावरचं एखादं व्यावसायिक नाटक. तेव्हा पालिकेत प्रशासक होते, नगरसेवक नव्हते, त्यामुळे बैठका वेळेवर सुरू व्हायच्या. एवढं एक सुख.

पहिल्या बैठकीत आर्किटेक्टने पडद्यावर चित्रं दाखवली. पुढून सगळी काच, वर तुतारीसारखं वळलेलं छप्पर. तास-दीड तास त्या तुतारीवर चर्चा झाली. ती पूर्वेकडे वळवावी का, यावरही. शेवटी मी विचारलं, 'सेटचा ट्रक कुठे लागणार?' नकाशात मागे एक दार होतं, साडेतीन फुटी, आणि तिथवर जायला दोनदा वळणारा रॅम्प. ऑफिसच्या इमारतीला असतो तसाच.

वाद घालण्यापेक्षा मी कार्यकारी अभियंत्यांना एका प्रयोगाच्या दिवशी दुपारी जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला नेलं. ट्रक रस्त्यातच उभा. बॅकस्टेजची पोरं दहा फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, आडवे करून, तिरके करून जिन्यावरून आत घेत होती. दिवाणखान्याचा सोफा दारात अडकला, मग त्याचे पाय काढले. साहेब बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःच टेप मागून घेतली आणि ट्रकच्या फाळक्याची जमिनीपासूनची उंची मोजली. पुढच्या नकाशात मागचा, सामान उतरवायचा धक्का त्याच उंचीचा होता, रंगमंच त्याच पातळीवर आणि दार दहा फूट रुंद, बारा फूट उंच. 'मॅडम, हे आम्हाला आधी कुणी दाखवलंच नाही,' ते म्हणाले. खरं होतं ते. नाट्यगृहं पाहायला अधिकारी येतात तेव्हा त्यांना पहिल्या रांगेत बसवतात.

खुर्च्यांचा आकडा हे दुसरं प्रकरण. 'शहराला शोभेल असं' म्हणजे पंधराशे, असं आधीच ठरलेलं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं, ते हजाराच्या आतलं आहे आणि त्याच्या शेवटच्या रांगांतूनही नाटक पाहणं सोपं नाही. साधारण वीस मीटरपलीकडे नटाच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नाही, फक्त हातवारे दिसतात. शिवाय पंधराशेच्या सभागृहात तीनशे प्रेक्षक म्हणजे निर्मात्याला हार्ट अटॅक. पणजीच्या कला अकादमीत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी बाल्कन्या आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले, त्यामुळे तिथे थोडी माणसं असली तरी ओकंबोकं वाटत नाही. ही युक्ती मी बैठकीत सांगितली, सगळे हसले, आकडा मात्र तसाच. तो खाली आला तो पार्किंगमुळे! पंधराशे खुर्च्यांना लागतील तेवढ्या गाड्या भूखंडावर मावेनात. मग साडेआठशेचं मुख्य सभागृह आणि शेजारी दोनशेचं छोटं, सपाट जमिनीचं, खुर्च्या हलवता येतील असं. मला हवं होतं तेच, माझ्या युक्तिवादाने मिळालं नाही इतकंच.

खरी लढाई अंदाजपत्रकात असते, हे मला तिथे कळलं. ध्वनिसल्लागाराने सांगितलं होतं की संवादाच्या नाटकाला आवाज सभागृहात साधारण एक सेकंद रेंगाळावा, जास्त नको, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. त्यासाठी भिंतींना पॅनेलिंग, आणि एसीचा घरघराट नको म्हणून मोठे डक्ट, कमी वेगाची हवा. अंदाजपत्रकात हे पॅनेलिंग 'फर्निचर व अंतर्गत सजावट' या शीर्षाखाली होतं. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री सजावटीलाच लागते, आणि तशी ती लागलीही. तुतारीचं छप्पर स्थापत्य कामात असल्यामुळे सुरक्षित. आम्ही लेखी हरकत घेतली, सल्लागाराकडून आकडेमोड जोडली, आणि पॅनेलिंग स्थापत्यात हलवून घेतलं. हे करायला नकाशांवरच्या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त वेळ गेला.

अशातच 8 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 पासूनचं. केशवरावांच्या जयंतीची आदली रात्र होती. मी तिथे काम केलंय. त्या रात्री फोनवर व्हिडिओ येत राहिले आणि मी ते बघत राहिले. त्यानंतर आमच्याकडे अग्निरोधक पडदे, रंगमंचावरची धूर बाहेर टाकणारी झडप, ज्वलनरोधक कापड या बाबींवर कुणी प्रश्न विचारला नाही. अंदाजपत्रकातल्या सहा महिने अडकलेल्या ओळी एका बैठकीत मंजूर झाल्या. असं मंजूर व्हायला नको होतं.

आता निविदा झाली आहे, जोत्याचं काम सुरू आहे. आमचा सध्याचा वाद तारखांचा. शनिवार-रविवार नाटकाला राखीव हवेत, मेळावे आणि सत्कार सोमवार ते गुरुवार. आणि छोट्या सभागृहाचं भाडं हौशी संस्थेला परवडेल असं तासावर लावावं, संध्याकाळी सात ते दहा तालमीसाठीच द्यावं, साखरपुड्याला देऊ नये. फाईल मालमत्ता विभागात आहे. तिथल्या साहेबांनाही एकदा तालमीला बोलावलंय.