ऐक्य झालं, मिळकतीचं काय?

ही गोष्ट प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याची आणि त्यांच्या मिळकतीची. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, १८३३ मध्ये तिथली पहिली मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, उभी राहिली. परंपरा काँग्रिगेशनल: पाळक (धर्मगुरू) कोण, सभासद कोण, हे ज्या त्या मंडळीनं ठरवायचं. वर बिशप नाही.

१९२४ मध्ये पश्चिम भारतातल्या या मंडळ्या प्रेसबिटेरियनांशी (वडीलजनांच्या सभांनी कारभार चालवणाऱ्या पंथाशी) मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. तिथे मंडळीच्या वर अधिकाराच्या सभा आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बिशपही आले. बोलणी १९२९ पासूनची. सहा पंथ एकत्र आले. सदर्न एशियाचे मेथडिस्ट मात्र शेवटच्या घटकेला बाहेर पडले.

बाप्तिस्म्याचा तिढा मोठा होता. इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बाप्टिस्ट आणि ब्रदरन हे पंथ विश्वास कबूल करणाऱ्यालाच, तोही पाण्यात बुडवून (ब्रदरन तर तीनदा). दोन्ही रीती मान्य करून वाट काढली. लहानपणी झालेला बाप्तिस्मा मोठेपणी पुन्हा मागणाऱ्यांचं काय, हे दुखणं मात्र उरलंच.

खरी फसगत झाली ती मिळकतीत. ऐक्याचा ठराव झाला की जमीन, शाळा, चर्च आपोआप नव्या संस्थेकडे जातात, असा समज होता. कायदा तसं म्हणत नाही. सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विलीनीकरणाचा प्रस्ताव सभासदांना विशेष सभेच्या दहा दिवस आधी लेखी किंवा छापील द्यावा लागतो, सभेत तीन-पंचमांश मतं लागतात आणि महिन्याभरानं दुसऱ्या सभेत तेवढ्याच मतांनी तो कायम करावा लागतो. शिवाय संस्था सार्वजनिक न्यास असेल तर बदल अर्ज (नोंदीतल्या बदलाची माहिती) धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा.

गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या वादात नेमकं इथंच घोडं अडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यासाचे असे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे नाहीत, ते धर्मादाय आयुक्तांकडे न्या. २०१३ च्या निकालात तर नुसत्या ठरावावरचं विलीनीकरण मान्यच झालं नाही. धर्मशास्त्रावर चाळीस वर्षं घासाघीस केली, पण दप्तर कुणी नीट पाहिलं नाही, असंच म्हणावं लागतं.

जुन्या मंडळीचे कागद तपासायचे तर आधी न्यासाच्या नोंदवहीचा उतारा काढा, मग मिळकत पत्रिका किंवा सातबारा. दोन्हींवर वेगवेगळी नावं दिसली तर सभांची इतिवृत्तं आणि नोटिशीच्या प्रती शोधायच्या.