नीअर आणि डिलीट केलेला सेव्ह

नीअर या व्हिडिओ गेम सिरीजवर माझा किती जीव आहे हे मला शब्दात नाही सांगता येत, पण प्रयत्न करते. नीअर ऑटोमाटा २०१७ मध्ये आला, डायरेक्टर योको तारो. वरवर बघितलं तर अँड्रॉइड (माणसासारखे दिसणारे रोबॉट) विरुद्ध मशीन अशी लढाई, पण मग पास्कल नावाचं मशीन भेटतं जे आपल्या लोकांना घेऊन शांतपणे राहतंय, त्याच्या गावात जाँ-पॉल नावाचं तत्त्वज्ञ मशीन आहे, आणि आपण ज्यांना इतका वेळ धडाधड मारत आलो त्यांनाही भीती वाटते हे कळलं की हातातला कंट्रोलर जड होतो खरंच.

पण खरं सांगायचं ते शेवटच्या एंडिंगचं (स्पॉयलर आहे, खेळला नसाल तर इथेच थांबा). क्रेडिट्समधली नावंच तुमच्यावर गोळ्या झाडतात, तुम्ही मरता, परत मरता, गेम विचारतो हार मानतोस का, आणि नाही नाही म्हणत राहिलं की जगभरातले प्लेअर्स मदतीला येतात, त्यांची छोटी विमानं तुमच्याभोवती फिरतात, गाण्यात कोरस मिसळतो, आणि प्रत्येक वेळी एखाद्याला गोळी लागली की स्क्रीनवर येतं की अमक्याचा डेटा गेला. मी तिथे रडले. कारण त्या प्रत्येकाने अनोळखी माणसासाठी आपला सगळा सेव्ह, म्हणजे गेममध्ये आतापर्यंत जमवलेलं सगळं, देऊन टाकलेला असतो.

मग गेम तुम्हालाही विचारतो, अनोळखी माणसासाठी तुमचा सेव्ह द्याल का? मी हो म्हटलं. मेनूमधून एकेक गोष्ट पुसली जाताना बघत बसले, शस्त्रं, नकाशा, सगळं.