रीशेप: तिरके पट्टे गेले, पण सीमा बिघडली

मागच्या नोंदीत सांगितलेले, उष्णतेच्या नकाशावर उमटणारे तिरके पट्टे अखेर गेले. जुन्या फोर्ट्रान प्रोग्रॅमने लिहिलेला ३०७२ संख्यांचा व्हेक्टर (एका रांगेतली यादी) ४८ ओळी आणि ६४ स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये बसवायचा होता. फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ लिहितो आणि पायथॉनच्या नमपाय लायब्ररीतला रीशेप, म्हणजे त्याच संख्या नव्या आकारात मांडणारे फंक्शन, वेगळे काही सांगितले नाही तर, ओळीमागून ओळ भरतो. त्यामुळे पहिल्याच ओळीत एक अख्खा स्तंभ आणि पुढच्या स्तंभाचा तिसरा हिस्सा शिरत होता. ऑर्डर ‘एफ’, म्हणजे फोर्ट्रानसारखा स्तंभांचा क्रम, दिल्याबरोबर उष्णतेचा नकाशा स्वच्छ उमटला. चौरस जाळीवर हा घोळ केवळ ट्रान्स्पोज (ओळी आणि स्तंभांची अदलाबदल) म्हणून दिसला असता आणि सममित उदाहरणात तोही दिसला नसता, म्हणून चाचणीची जाळी कधीही चौरस घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मात्र पट्टे गेले आणि सीमा बिघडली. वरच्या कडेचे तापमान १०० ठेवणारा भाग मॅट्रिक्स रीशेपने पुन्हा सपाट करतो आणि पहिल्या ६४ घरांत १०० भरतो. तो आजवर बिनतक्रार चालत आला होता. आता ना एरर, ना वॉर्निंग, आणि वरची कड जशीच्या तशी थंड. सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) आणि काळाची पायरी यांची उलटतपासणी निष्फळ ठरल्यावर, मॅट्रिक्स आणि त्याचे सपाट रूप एकच मेमरी वापरतात का हे सांगणारे शेअर्स-मेमरी चालवून पाहिले, तेव्हा उत्तर आले ‘फॉल्स’.

खरी गोम स्ट्राइड्समध्ये, म्हणजे पुढच्या ओळीत किंवा स्तंभात जायला मेमरीत किती बाइटांची उडी लागते त्या आकड्यांत होती. पूर्वी ते (५१२, ८) होते, आता (८, ३८४) झाले आहेत. म्हणजे खालच्या ओळीतली संख्या ८ बाइटांवर आणि शेजारच्या स्तंभातली ३८४ बाइटांवर. अशी मेमरी ओळींच्या क्रमाने एकाच ठरावीक उडीत वाचता येत नाही, म्हणून सपाट करताना रीशेप गुपचूप नवी प्रत काढतो. माझे सगळे १०० त्या प्रतीत जात होते आणि प्रतीबरोबरच टाकून दिले जात होते. जमले तर व्ह्यू (मूळ मेमरीच वापरणारे रूप) आणि नाही तर प्रत, हा रीशेपचा मोघमपणा मला मुळीच पटत नाही. ज्युलिया भाषेतला रीशेप मूळ डेटाच वापरतो, ते अधिक सरळ वाटते. नमपाय २.१ पासून रीशेपला कॉपी ‘फॉल्स’ देता येते आणि प्रत काढावी लागणार असेल तर तो एरर देऊन थांबतो. तेवढ्यासाठी तरी आवृत्ती बदलावी.

आता सगळीकडे ‘एफ’ क्रमच ठेवायचा, असा बेत होता. पण हे लिहितानाच सुचले की फाइल वाचताक्षणी एकदाच ओळींच्या क्रमात प्रत काढली तर पुढची कटकटच मिटेल. २४ किलोबाइटांच्या प्रतीला वेळ तो कितीसा लागणार? अडचण एवढीच, की लाप्लासियनची (उष्णता कशी पसरते ते सांगणाऱ्या मॅट्रिक्सची) क्रोनेकर मांडणी, म्हणजे दोन छोट्या मॅट्रिक्सच्या क्रोनेकर गुणाकारांतून केलेली रचना, मी स्तंभ एकाखाली एक रचलेल्या सूत्रावरून केली आहे आणि ओळींच्या क्रमात त्यातल्या गुणकांची अदलाबदल होते. तेव्हा आधी ३ गुणिले ५ च्या जाळीवर क्रोनेकरची चाचणी लिहितो आणि मगच सॉल्व्हरला हात लावतो.