पी व्हॅल्यू ०.९९ आणि झुकलेल्या पापण्या

मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागात मी संख्याशास्त्राचं काम बघते. थीसिस जमा करायचे दिवस आले की रेसिडेंट लॅपटॉप घेऊन येतात. त्या दिवशी मेडिसिनची एक रेसिडेंट आली. नाग किंवा मण्यार चावलेल्या कोणत्या रुग्णाला व्हेंटिलेटर लागेल, हे दाखल होतानाच्या लक्षणांवरून सांगता येतं का, असा तिचा विषय.

"मॅडम, पापण्या झुकण्याची पी व्हॅल्यू ०.९९ आलीय. गाइड म्हणतात, सिग्निफिकंट नाही, काढून टाक."

पी व्हॅल्यू एकच्या इतकी जवळ, म्हणजे त्या लक्षणाचा व्हेंटिलेटरशी संबंध आकड्यांत दिसत नाही. हे मला पटेचना. या सापांचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवतं. बहुधा आधी पापण्या झुकतात, मग गिळता येईनासं होतं, शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. वॉर्डात इंटर्नसुद्धा जे पहिल्यांदा बघतो, तेच लक्षण थीसिसमध्ये निरुपयोगी ठरणार होतं!

तिने 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जीएलएम (लक्षणांवरून व्हेंटिलेटरची शक्यता काढणारं मॉडेल) नीट चालवलं होतं, कुठलीही वॉर्निंग नव्हती. मी पूर्ण समरी उघडायला लावली. पापण्यांचा कोएफिशिएंट (लक्षणाचा परिणाम किती, तो आकडा) १९च्या आसपास, स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) हजारांत. आणि सहसा कोणी वाचत नाही त्या शेवटच्या ओळीत फिशर स्कोअरिंगच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाण्याच्या, फेऱ्या १८. एरवी चार-सहा फेऱ्यांत काम होतं.

"डॉक्टर, मॉडेल राहू द्या. आधी पापण्या आणि व्हेंटिलेटरचा साधा दोन बाय दोनचा टेबल काढा."

तिने काढला. पापण्या न झुकलेल्यांपैकी एकालाही व्हेंटिलेटर लागला नव्हता. त्या घरात शून्य.

घर रिकामं असलं की ऑड्स रेशो (लक्षण असताना आणि नसताना व्हेंटिलेटर लागण्याच्या ऑड्सचं गुणोत्तर) अनंताकडे पळतो, मॅक्सिमम लाइकलीहुडला, म्हणजे माहितीशी सगळ्यात जुळणारा आकडा शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला, ठाम उत्तरच उरत नाही. प्रत्येक फेरीत कोएफिशिएंट साधारण एकने वाढतो, आणि डेव्हियन्स (मॉडेल आणि माहितीतली तफावत) बदलेनासा झाला की 'आर' थांबतं. म्हणजे १९ हे उत्तर नव्हतंच, ती नुसती थांबण्याची जागा. तिथे लाइकलीहुडची रेषा जवळजवळ सपाट, म्हणून स्टँडर्ड एरर अफाट. पी व्हॅल्यू काढणारी वाल्ड टेस्ट कोएफिशिएंटला त्यानेच भागते, म्हणून सगळ्यात ठळक लक्षण सगळ्यात फालतू दिसतं. वॉर्निंग येते ती संभाव्यता ० किंवा १ला अगदीच चिकटल्यावर. इथे गणित त्याआधीच थांबलं होतं. हे गप्प राहणं मला फार धोक्याचं वाटतं, कारण शिकणारा मुलगा स्क्रीनवर लाल अक्षरं नाहीत म्हणजे सगळं ठीक, असंच धरतो.

यावर उपाय आहे. डेव्हिड फर्थ यांनी १९९३मध्ये अंदाजातला बायस (एकाच बाजूला झुकणारी चूक) कमी करायला एक पद्धत मांडली. ती अशा 'सेपरेशन'वरही, म्हणजे घर रिकामं पडतं तेव्हाही, चालते, हे हाइन्झे आणि शेम्पर यांनी २००२मध्ये दाखवलं. मॉडेलमध्ये एकच हो-नाही लक्षण असेल, तर ती टेबलच्या प्रत्येक घरात अर्धा मिळवण्यासारखीच ठरते. 'आर'मध्ये त्यासाठी 'लॉजिस्टएफ' पॅकेज आहे. तिने तेच चालवलं. ऑड्स रेशोच्या संभाव्य रेंजची खालची मर्यादा एकच्या (एक म्हणजे संबंध नाही) बरीच वर आली, वरची शेकड्यांत गेली.

"एवढी रुंद रेंज गाइडना चालेल?"

"तशीच छापायची. रुग्ण थोडे आणि एक घर रिकामं, म्हणून ती रुंद आहे. वाचणाऱ्याला ते दिसायलाच हवं."

ती टेबलचा प्रिंट घेऊन गाइडकडे गेली. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. रिकामं घर बघून त्यांना पटलं होतं, पद्धतीचं नाव नेमकं कसं लिहायचं एवढंच विचारत होते. मी पॅकेजच्या आवृत्तीसकट सांगितलं, आणि तो टेबल मॉडेलच्या आधी छापा म्हटलं.